सही करण्याआधी वाचा

(खर्डी येथील साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपण आता वाचू लागलात. बसची पाटी वाचता. स्टेशनावरचा फलक वाचता. आम्हाला फार आनंद वाटतो. आज आम्ही आपल्याला आणखी एक वही वाचावयास सांगणार आहोत. ती आपल्या मुलांच्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. तिला इतिवृत्ताची वही म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला कोण आले, काय ठरले, ते तिच्यात लिहितात.

ही समिती कोणाची? पुष्कळांना वाटते, ती गुरुजींची. तसे नाही. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सन २००९ मध्ये झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला समिती दिली. समितीत चार माणसे धरली, तर त्यांतली तीन पालक असावी लागतात. निम्म्या जागा बायकांच्या. गरीब आणि मागे राहिलेल्या घरांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा. पालकांची सभा आपले सभासद निवडते. अध्यक्ष पालकांतलाच असतो. मुख्याध्यापक हे समितीचे सचिव. म्हणजे बैठक बोलवायची, लिहून ठेवायचे, ठरले ते पार पाडायचे, हे त्यांचे काम. बैठक दर महिन्याला झाली पाहिजे.

आता कोणी काय करावयाचे? धडा कसा शिकवावा, हे गुरुजींनी पाहावे. त्यांत आपण हात घालू नये. गुरुजींची नेमणूक आणि बदली जिल्हा परिषद करते. तेही समितीच्या हातात नाही. पण शाळा वेळेवर उघडते का, गुरुजी वर्गात असतात का, दुपारचे जेवण नीट मिळते का, आलेला पैसा कशावर खर्च झाला, कोणते मूल शाळेबाहेर राहिले, हे पालकांनी पाहावयाचे आणि विचारावयाचे. पुढे शाळेत काय काय करावयाचे, त्याचा आराखडाही समितीनेच करावयाचा. विचारले म्हणजे भांडण केले, असे नव्हे, बरं का! एका हाताने टाळी वाजत नाही.

हे आम्ही आज सांगतो. पण आम्ही स्वतः मुख्याध्यापक होतो, तेव्हा आमच्या हातून चूक झाली. ती आज आपल्यापुढे सांगतो.

आमच्या शाळेच्या समितीत पाड्यावरची एक बाई सभासद होती. तिला तेव्हा अक्षर येत नव्हते. आपल्याकडे भात झोडून झाला, दिवाळी झाली, की पुष्कळ घरे वीटभट्टीवर जातात. तीही गेली. मुले बरोबर घेऊन गेली. इकडे बैठकीला कोणी येईना. वरून कागद मागत होते. मग आम्ही काय केले? एकट्याने बसून बैठक लिहून काढली. ती होळीला घरी आली, तेव्हा वही तिच्यापुढे धरली. तिने अंगठा दिला. काय लिहिले आहे, ते तिने विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

पुढल्या पावसाळ्यात ती साक्षरता वर्गात बसली. अक्षरे जुळू लागली. एके दिवशी शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, ती वही बघू द्या. माझं नाव वाचाया येतं का बघते."

आम्ही वही दिली. बोट ठेवून ठेवून ती वाचू लागली. मग थांबली.

"गुरुजी, हितं मी हजर लिवलंय. मी तर तवा भिवंडीकडं भट्टीवर व्हते."

आम्ही गप्प. तिने पुढची ओळ वाचली. 'गाव सोडून जाणारी मुले : नाहीत.'

"नाहीत कसं, गुरुजी? माझी दोन पोरं माझ्यासंगं व्हती."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या एका शब्दाने काय झाले, ऐका. आईबाप बाहेर गेले, तरी मुलांनी गावात राहून शिकावे, म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना होती. मूल आजीजवळ किंवा चुलत्याजवळ राही. त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय समिती करी. त्यासाठी समितीने मुलांची यादी देऊन मागणी करावी लागे. आम्ही 'नाहीत' लिहिले. मग मागणी कोण करणार? तिची थोरली मुलगी चौथीत होती. ती भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळीत राहिली. परत आल्यावर तिला वर्गातले काही कळेना. ती पुन्हा शाळेत बसली नाही. आम्ही दोनदा घरी गेलो. ती आली नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आम्ही बैठक पाड्यावर घेतली. रात्री, कामावरून माणसे आल्यावर. यादी त्या बाईने सांगितली, आम्ही लिहिली. मग तिने ती सर्वांना वाचून दाखविली आणि खाली सही केली. काही मुले मागे राहिली आणि शिकली. काही तरी गेलीच. पण वहीत खरे तेच लिहिले गेले.

पाड्यावर जाण्याची ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी सन १९५७ मध्ये आपले काम बोर्डीहून कोसबाडला नेले. कोसबाड तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे गुरे राखणारी मुले शाळेत येत ना. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. शाळा कुरणावर जाते, तर बैठक पाड्यावर का जाऊ नये?

तेव्हा मंडळी, तीन गोष्टी करा. बैठक कधी आहे, ते विचारा. आपल्याला जमेल अशी वेळ मागा. आणि वही पुढे आली, की आधी वाचा, मग सही करा. एखादा शब्द अडला, तर गुरुजींनाच वाचून दाखवावयास सांगा. चांगले गुरुजी रागावणार नाहीत. त्यांनाही एकट्याने शाळा ओढताना दम लागतो. बरोबर कोणी असले, तर त्यांना हवेच आहे.

त्या बाईने वही मागितली नसती, तर आमची चूक आम्हाला कधी कळली नसती. तिचे उपकार मानून आम्ही आमचे बोलणे संपवितो.