सारण तेच आहे ना?

(गेल्या गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात मंडळाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सभासद भगिनीने केलेले भाषण)



मेळाव्यासाठी मला विषय विचारला तेव्हा मी "गर्भनिरोधक गोळ्या" असं सांगितलं. फोनवर जरा शांतता पसरली, मग हळूच प्रश्न आला, "गणपतीत?" मी म्हटलं, काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत पांगलेल्या आपण सगळ्याजणी एकत्र येतो त्या गणपतीतच. आणि माझ्या दवाखान्यात हा प्रश्न बाराही महिने येतो : "डॉक्टर, दुकानदाराने गोळी बदलून जेनेरिक दिली. तेव्हापासून त्रास होतोय. स्वस्त गोळीमुळे असेल का?"

आधी एक गैरसमज दूर करू. जेनेरिक म्हणजे नकली नव्हे. ज्या औषधावर आता कोणाचं पेटंट नाही आणि जे अनेक कंपन्या बनवतात, ते जेनेरिक. आपलं हैदराबाद त्यावरच मोठं झालं. 1961 साली स्थापन झालेल्या आय.डी.पी.एल. या सरकारी कंपनीचा कारखाना इथे आला. तिथे काम केलेल्या अंजी रेड्डींनी 1984 साली स्वतःची कंपनी काढली. आज इथल्या गोळ्या अमेरिकेतही खपतात. आणि आपण "ओरिजिनल" म्हणून घेतो ती महाग गोळीही बहुतेक वेळा जेनेरिकच असते. फक्त तिचं बारसं झालेलं असतं.

मोदकाचंच उदाहरण घ्या. सारण म्हणजे गोळीतलं मुख्य औषध. पारी म्हणजे लॅक्टोज, स्टार्च, रंग वगैरे. कंपनी बदलली की पारी बदलते. एखादीला त्या रंगाची किंवा लॅक्टोजची ॲलर्जी असू शकते, पण असं क्वचितच होतं. सारण आणि त्याचं माप तेच असेल, तर शरीराला तेच औषध मिळतं.

मनाचाही भाग असतो. न्यूझीलंडमध्ये 2007 साली थायरॉइडच्या एका गोळीचं रूप बदललं, औषध तेच होतं. एरवी तुरळक येणाऱ्या तक्रारींचा अचानक पूर आला. टीव्हीवर बातमी आली की त्या भागातून आणखी तक्रारी येत. त्या बायकांचा त्रास खोटा नव्हता, पण तो त्या गोळीतल्या औषधामुळे होता असंही नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं म्हणूनच माझी एक चूक झाली. ती आज सांगते.

माझी एक पेशंट कित्येक वर्षं एकच गोळी घेत होती. पाकिटात 21 गोळ्या, मग सात दिवस सुट्टी, मग नवं पाकीट. एकदा दुकानात तिची गोळी नव्हती. "वहीच है मैडम, जेनेरिक है," असं म्हणून दुकानदाराने दुसरी दिली. तीनेक महिन्यांनी तिचा फोन आला : मळमळतंय, छाती दुखते, पाळीही आली नाही. मी दुसऱ्या पेशंटच्या घाईत होते. म्हटलं, "गोळी बदलली की होतं असं, बसेल हळूहळू." पंधरा दिवसांनी ती समोर येऊन बसली तेव्हा तिला दिवस गेले होते.

तेव्हा मी पहिल्यांदा पाकीट हातात घेतलं. औषधांची नावं दोन्ही तीच, ड्रॉस्पिरेनॉन आणि इथिनिल इस्ट्राडिओल. पण इस्ट्राडिओलचं माप 0.03 मिलिग्रॅमऐवजी 0.02. आणि गोळ्या 28 : 24 औषधाच्या, चार कोऱ्या. ते पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं सुरू करायचं असतं. तिने सवयीने सात दिवस सुट्टी घेतली. चार आणि सात, अकरा दिवस शरीरात औषध नाही. सातपेक्षा जास्त दिवस गेले की बीज सुटण्याची शक्यता वाढते. पुढे त्या घरात काय ठरलं, ते तिचं खासगी आहे. मी एवढंच म्हणेन की दोष स्वस्त गोळीचा नव्हता. दुकानदाराने वेगळी गोळी दिली, आणि मी पाकीट न बघता धीर दिला.

म्हणून मैत्रिणींनो, गोळी बदलून मिळाली तर दुकानातच जुनं पाकीट शेजारी धरा. तीन गोष्टी ताडून बघा : औषधांची नावं, प्रत्येकाचं मिलिग्रॅममधलं माप, आणि औषधाच्या गोळ्या किती व कोऱ्या किती. माला-डी मध्येही 28 गोळ्या असतात, त्यातल्या सात लोहाच्या. तिथेही सुट्टी नाही. तिन्हींत एकही फरक दिसला तर ते वेगळं औषध समजा आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तिन्ही जुळत असतील तर निर्धास्त घ्या. थोडी मळमळ, छाती दुखणं, मधूनच डाग पडणं हे बहुधा तीन महिन्यांत थांबतं. कंटाळून पाकीट अर्ध्यावर सोडू नका, दिवस जातात ते तिथेच. पाळी चुकली तर आधी तपासणी करा, मग गोळीला दोष द्या. मात्र एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, डोकं अचानक भयंकर दुखलं किंवा दिसेनासं झालं, तर तीन महिने सोडा, तीन तासही थांबू नका. गोळी कोणत्याही कंपनीची असो, तडक हॉस्पिटल गाठा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद तुम्ही स्वतःही करू शकता. त्यासाठी सरकारचा 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे.

आणि डॉक्टरांनी फोनवरच "बसेल हळूहळू" म्हटलं, तर त्यांना सांगा, "आधी पाकीट बघा." मला सांगितलंत तरी चालेल. आता मी रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!