दुधाच्या दाताला मार लागल्यावर



मूल ओट्यावरून पडते, ओठ फुटतो, वरचा दात हलू लागतो; आणि शेजारची खाला धीर देते, "दुधाचाच दात, आज ना उद्या पडणारच!" कॅम्प ४ मधील घराघरांतून ऐकू येणारे हे वाक्य अर्धेच खरे आहे. दुधाच्या दाताच्या मुळाजवळ, हाडाच्या आत, कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. दीड-दोन वर्षांच्या वयात बसलेला धक्का त्याच्यापर्यंत पोचला, तर सातव्या-आठव्या वर्षी येणाऱ्या दातावर पांढरे-पिवळे डाग दिसतात. क्वचित दात वाकडाच येतो.

रक्त स्वच्छ कापडाने दाबून थांबवा. दुधाचा दात मुळासकट निघाला, तर तो परत बसवू नका. त्याने अंकुराला इजा होते. दात सापडत नाही आणि मूल खोकते आहे, तर तडक इस्पितळ गाठा. आत दबलेला दातही ओढू नका. तो बहुधा काही महिन्यांत आपोआप खाली येतो. मात्र तो दंतवैद्याला दाखवाच. मिश्री नको, आणि हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी तर मुळीच नको.

विद्यार्थ्यांनो, मैदानात कायमचा दात निघाला तर गोष्ट नेमकी उलटी. मुळाला हात न लावता दात पाण्याखाली धरून लगेच जागी बसवा. जमले नाही तर दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्य गाठा.

खरी फसगत पुढे होते. महिन्याभराने दात काळसर पडतो. केवळ रंगासाठी तो काढू नये. काही दात पुन्हा उजळतात. पण हिरडीवर पुळी आली, म्हणजे आतली नस मेली आणि पू साचला. पुळी फुटली की दुखणे थांबते, आणि आईबाप निश्चिंत होतात! पू मात्र अंकुराशेजारीच राहतो. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी तो जात नाही. मुळातील घाण साफ करावी लागते किंवा दात काढावा लागतो.

खर्चाची धास्ती असेल, तर मुंबईत सेंट जॉर्जेस इस्पितळाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलजवळचे नायर दंत महाविद्यालय येथे बालदंत विभाग आहेत. विठ्ठलवाडीहून लोकल थेट सी.एस.एम.टी.ला जाते.

मूल कोणत्या तारखेला पडले आणि कोणत्या दाताला लागले, ते वहीत लिहून ठेवा. सातव्या वर्षी नवा दात दाखवायला जाल, तेव्हा ती वही सोबत न्या.