गावच्या समाजमंदिरातलं लग्न
(उत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी कोणी मधुमेहावर बोलतात, कोणी गुंतवणुकीवर. मी कशातलाच तज्ज्ञ नाही. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. २०२२ साली मी मुलीचं लग्न इथल्या कल्याण मंटपात न करता खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, समाजमंदिरात केलं. तेव्हापासून मंडळातले निदान आठ-दहा जण मला विचारून गेले, "काय हो, स्वस्तात पडलं असेल ना?" स्वस्तात पडलं, पण सोपं पडलं नाही. ते का, एवढंच सांगतो.

बंगळूरची लग्नं आपण सगळेच बघतो. रिसेप्शनची रांग, स्टेजवर पाकीट, फोटो, मग जेवणाची रांग. पंगतीत पान असं भरतात की अर्धं तसंच राहतं. २०१२ च्या सुमारास इथल्याच कृषी विज्ञान विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी शहरातल्या ७५ मंगल कार्यालयांची पाहणी केली होती. बंगळूरच्या लग्नांत वर्षाला ९४३ टन चांगलं अन्न वाया जातं, असा त्यांचा अंदाज निघाला. ही बातमी मी तेव्हा वाचली, हळहळलो आणि त्याच आठवड्यात एका लग्नात अर्धं पान टाकून उठलो. तेव्हा मी काही फार विचारी माणूस आहे असा गैरसमज नको.

विचार मुलीचा होता. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तीर्थहळ्ळीकडचा, कन्नड, आणि आमच्या जातीचा नाही. दोघांचं म्हणणं, शंभर-सव्वाशे माणसं, हार घालायचे, चार शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. मला वाटलं, मुलाचे आईवडील हे ऐकून उठून जातील. व्याही हसले. म्हणाले, आमच्याकडे याला नाव आहे, मंत्र मांगल्य. राष्ट्रकवी कुवेंपू त्यांच्याच तालुक्यातल्या कुप्पळीचे. पुरोहित नको, मुहूर्त नको, हुंडा नको, वधूवरांनी आपल्याला समजेल अशा भाषेत वचनं म्हणायची, अशी पद्धत कुवेंपूंनी घालून दिली आणि १९६६ मध्ये आपल्या मुलाचं, लेखक पूर्णचंद्र तेजस्वींचं लग्न त्याच पद्धतीने लावलं. मग मीही जरा सरसावून सांगितलं, की आमच्या जोतिबा फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न १८७३ सालीच लावून दिलं होतं. त्यासाठी मंगलाष्टकंसुद्धा त्यांनी स्वतः रचली. दोन व्याह्यांनी आधी कोणाचं मोठं यावर अर्धा तास घालवला. देण्याघेण्याचा विषय त्यात राहूनच गेला, तो कायमचा.

कायद्याचं आधी उरकलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली इथेच नोटीस दिली. तीस दिवस थांबावं लागतं आणि सही करताना तीन साक्षीदार लागतात, तेव्हा गावी जायच्या आदल्या आठवड्यात नोंदणी करून मोकळे झालो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की कुठल्याही कायद्याखाली नुसता कागद केला की झालं. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आता जागा. माझ्या डोळ्यांसमोर देवळाचा सभामंडप होता. माझी स्वतःची मुंज, बहिणीचं लग्न तिथलंच. गावी थोरल्या भावाला, दादाला फोन केला. त्याने देवस्थानच्या मंडळींना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पाव्हणे कुठले?" आपल्या सगळ्यांना या प्रश्नाचा अर्थ कळतो. मी फोनवर म्हटलं, "शिमोग्याकडचे." दादा म्हणाला, "ते तसं विचारत नाहीत रे." मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, जिथे हे विचारत नाहीत अशी जागा गावात नाही का?"

होती. ग्रामपंचायतीचं समाजमंदिर. सरकारी पाटीवर समुदाय भवन, कन्नडमध्ये. रेशनवाटप, पोलिओचे डोस, महिला बचत गटाच्या सभा, मतदान, सगळं तिथे. वर पत्रे, दोन दारं, एक नळ. पंचायतीत अर्ज दिला, भाडं भरलं, पावती घेतली. जात-गोत विचारणारा रकाना त्या पावतीत नव्हता. मंडळी, इतकी वर्षं मी त्या इमारतीवरून जात होतो, ती कशासाठी असते ते मला मुलीच्या लग्नात कळलं.

तारीख ठरली २५ डिसेंबर, रविवार. दोघांच्या ऑफिसला नाताळची सुट्टी, खानापूर भागात भाताची सुगी उरकलेली, पावसाचं भय नाही, आणि मोकळ्या शेतात गाड्या लावायला जागा. दादाने पंचांग काढलं. पौष! व्याह्यांकडे धनुर्मास. म्हणजे दोन्हीकडे लग्नाला वर्ज्य. पण मुहूर्तच बघायचा नसेल तर पौषासारखा महिना नाही. मांडववाला रिकामा, आचारी रिकामा, भांडी भाड्याने देणारा रिकामा, आणि तिघेही भाव करायला तयार. आमची आत्या मात्र म्हणाली, "पौषात लगीन? मी येणार नाही."

खरी अडचण पुढेच होती. सव्वाशेची यादी घेऊन मी गावी गेलो. दादाने ती वाचली, घडी घातली, परत दिली. "बंगळूरची ऐंशी, पाव्हण्यांची तीस, आणि गावची पंधरा? गावात लगीन करतोस आणि गावालाच वगळून? मग बंगळुरातच कर की. मला सकाळी उठून याच गल्लीतनं जायचंय." मी म्हटलं, साधं करायचं आहे. तो म्हणाला, "तुझं साधं म्हणजे आमचं सोडून होय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. बत्तीस वर्षं झाली बंगळूरला येऊन. गावाला मी काय दिलं? गणपतीला येतो, जत्रेला वर्गणी पाठवतो. आणि आता गाव मला हवं होतं ते शेतातल्या फोटोंसाठी आणि कमी भाड्यासाठी. साधेपणा माझा, आणि त्याची लाज दादाने सोसायची.

आमच्याकडे आवतणाचे प्रकार आहेत, तुमच्यापैकी कोल्हापूर-बेळगावकडच्यांना ठाऊक असतील. एक घरटी माणूस, आणि दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. वहिनींनी तोड काढली. लग्नाच्या आदल्या रात्री, शनिवारी, सगळ्या गावाला चूलबंद. भात, आमटी, वांग्याची भाजी, शिरा, एवढंच. दुसऱ्या दिवशी सव्वाशेंचं लग्न. आहेर दोन्ही दिवशी बंद, आणि "सगळ्या गावाला" म्हणजे सगळ्या आळ्यांना, एकाच पंगतीत. ही शेवटची अट मुलीची. दादा जरा थांबला आणि म्हणाला, "समाजमंदिरात पंगत कोणाची कुठे, हे कोण ठरवणार? बसतील."

बसले. सगळेच आले असं नाही. काही घरं आली नाहीत, त्यांची नावं मी घेत नाही. पण चारशेच्या वर पानं उठली. आमचा आचारी शंभर पानांना बारा किलो तांदूळ धरतो, त्यात दहा किलोच उरला. वाढपी गावची पोरं. पत्रावळी पळसाच्या.

करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यात मोठी, संडास. समाजमंदिराला एकच होता, आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. बंगळूरच्या पाहुण्यांत सत्तरीच्या पुढचे अकरा जण. आसपासच्या सहा घरांत आधी जाऊन विनंती केली, प्रत्येक घराला ठराविक पाहुणे वाटून दिले. त्यातून ज्या ओळखी झाल्या त्या अजून टिकून आहेत, माझे एक सहकारी तर दर दिवाळीला त्या घरी फोन करतात. दुसरी, वीज. जनरेटर सांगितला होता, तो आला, पण डिझेल अर्ध्या तासाचं. डिझेल स्वतः भरून ठेवा. तिसरी, राहण्याची सोय तोंडी ठरवू नका. आमच्या खोल्या ऐन वेळी दुसऱ्याला दिल्या गेल्या, आणि बारा माणसं घरात, ओसरीवर आणि शेजारी झोपली. चौथी, स्पीकर रात्री दहाला बंद. कायदाच आहे, आणि गाव पहाटे उठतं.

लग्न स्वतः वीस मिनिटांचं. वचनं एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. कन्नड वाचताना मुलगी एका जोडाक्षराला अडखळली, तर मागून पंचायतीच्या शिपायाने ते मोठ्याने सांगितलं आणि सगळा हॉल हसला. सत्यशोधक पद्धतीचं ते पहिलं लग्नही २५ डिसेंबरलाच झालं होतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर व्याह्यांना नक्की ऐकवलं असतं.

आत्या येणार नाही म्हणाली होती. आली. दाराबाहेर खुर्ची टाकून बसली, आत येईना. म्हणाली, "मी लग्नाला आले नाही, जेवायला आले." जेवण झाल्यावर नव्या जावयाला बोलावून घेतलं, त्याच्या हातात नारळ दिला आणि कन्नडमध्ये पाच मिनिटं बोलली. आत्याला कन्नड येतं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मांडव उतरला. मी आणि दादा समाजमंदिर झाडत होतो, कारण सोमवारी सकाळी तिथे रेशन वाटायचं होतं. दादा काही बोलला नाही. किल्ली पंचायतीत देताना मात्र शिपायाला म्हणाला, "दाराला कडी बसवा. पुढच्या लग्नाच्या आधी."

खर्चाची वही मी बरोबर आणली आहे. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी प्रसादाच्या वेळी भेटावं.