पडलेल्या विमानांचे अवशेष



१९४२ सालीं जपाननें ब्रह्मदेश जिंकला आणि चीनला जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला. तेव्हां आसामांतील छबुआ, दिंजान इत्यादि विमानतळांवरून माल भरून विमानें पूर्वेकडील उत्तुंग डोंगररांगांवरून कुनमिंगला जाऊं लागलीं. वैमानिकांनीं त्या वाटेस ‘हम्प’, म्हणजे वशिंड, असें नांव दिलें. १९४५ पर्यंत सुमारें साडेसहा लक्ष टन माल या वाटेनें चीनला पोहोंचला. परंतु ढग, बर्फ आणि वादळ यांच्या तडाख्यांत शेंकडों विमानें वाटेंतच पडलीं. त्यांपैकीं कांहींचे सांगाडे आजहि अरुणाचल प्रदेशाच्या रानांत आहेत.

या अवशेषांचें करावें काय? रानांतील गरीब माणसानें पत्रा उचलून संसाराला लावला, तर त्याला दोष देववत नाहीं. पण दिवाणखान्याच्या शोभेसाठीं एखादा तुकडा उचलणाऱ्या हौशी माणसाची गोष्ट निराळी. अमेरिकन लष्करानें बेपत्ता विमानांचे जे अहवाल लिहून ठेवले, त्यांत इंजिनांचे, इतकेंच नव्हे तर मशीनगनांचेहि क्रमांक नोंदविलेले आढळतात. म्हणून गंजलेल्या इंजिनावरील चार आंकड्यांवरून तें विमान कोणतें, आणि त्यांत कोण कोण होते, याचा उलगडा होऊं शकतो. तोच भाग कोणी नोंद न करतां हलविला, तर एखाद्या कुटुंबाला आपल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारा शेवटचा साक्षीदार मुका होतो.

ब्रिटननें हें जाणून १९८६ सालीं कायदा केला. लष्करी सेवेंत असतां पडलेल्या विमानाचे अवशेष तेथें परवान्यावांचून उकरतां येत नाहींत. आणि जेथें मानवी अस्थि अगर जिवंत दारूगोळा असण्याचा संभव असेल, तेथें परवाना सहसा मिळत नाहीं.

मांडणीचाहि एक धर्म आहे. लंडनमधील हेंडनच्या संग्रहालयांत एक हॅलिफॅक्स बाँबर ठेवलेला आहे. एप्रिल १९४२ मध्यें ‘टिरपिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्याच्या वेळीं तो नॉर्वेंतील एका गोठलेल्या सरोवरावर उतरला व पुढें बुडाला. १९७३ सालीं तो वर काढण्यांत आला. त्यास रंग देऊन नवा करण्याचा मोह टाळून तो बहुतांशीं जसा सांपडला तसाच ठेवला आहे. चकचकीत विमान पाहून मुलें टाळ्या पिटतील. मोडकें विमान पाहून तीं प्रश्न विचारतील.

आपल्याकडेहि नोव्हेंबर २०२३ मध्यें पासीघाट येथें ‘हम्प’चें संग्रहालय उघडलें, ही समाधानाची गोष्ट होय.

तरुण मित्रांस एवढेंच सांगणें आहे: रानांत असा अवशेष दिसल्यास जागा टिपून घ्या, क्रमांक उतरून घ्या, छायाचित्र काढा आणि अधिकाऱ्यांस कळवा. दारूगोळ्यास स्पर्श करूं नका. अस्थि दिसल्यास तें स्थान स्मशान समजा. वस्तु घरीं आणणें म्हणजे संग्रह नव्हे. तिची हकीकत तिच्यापासून तुटूं न देणें, हाच खरा संग्रह.