रंगांची उपज
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



सभागृहाच्या मागच्या भिंतीवर काय रंगवायचं, यावर गेल्या सर्वसाधारण सभेत बरीच चर्चा झाली. कुणी निसर्गचित्र म्हणालं, कुणी वारली. मुलं म्हणाली, "आम्ही गाणं ऐकत रंगवू." त्यावर एक प्रश्न आला, "पण त्यात दिसणार काय?" प्रश्न रास्त आहे. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, म्हणून उत्तर द्यायला उभा आहे.

गाण्याला आपण हा प्रश्न कधी विचारतो का? बंदिश असते दोन-चार ओळींची. गायक ती अर्धा-पाऊण तास फुलवतो, आणि आपण समेला मान डोलावतो. ऐन वेळी सुचलेल्या या विस्ताराला आपल्याकडे छान शब्द आहे, उपज. पण उपज म्हणजे मनाला येईल ते नव्हे. भूप घ्या. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. देशकारातही हेच पाच. पण भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. एक रात्रीचा राग, दुसरा सकाळचा. म्हणजे बघा, आपल्या फ्लॅटसारखंच झालं! नकाशा एकच, पण कोणत्याही दोन घरांत शिरा, वातावरण वेगळं.

चित्रकारांनी हे फार पूर्वी ओळखलं. वासिली कांदिन्स्की जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला शोनबर्गच्या संगीताची मैफल ऐकून आले आणि त्यांनी 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' हे चित्र केलं. त्यात पिवळ्या रंगाचा मोठा लोट आहे आणि पियानोची आठवण देणारा काळा आकार. त्याच काळातल्या एका चित्रमालिकेला त्यांनी 'इम्प्रोव्हायझेशन', म्हणजे उपज, हेच नाव दिलं होतं. मोंद्रियान यांनी न्यूयॉर्कमध्ये बूगी-वूगी ऐकून १९४२-४३ मध्ये लाल, पिवळ्या, निळ्या छोट्या चौकोनांचा तालच कॅनव्हासवर धरला. आपल्या नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे शास्त्रीय संगीताचे भोक्ते. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत आणि खरवडत. त्यांच्या चित्रासमोर विलंबित ख्यालासारखं थांबावं लागतं.

आता आपली भिंत. नियम तीनच ठेवू. रंग पाच. त्यातला एक प्रमुख, वादी स्वरासारखा. आणि थोडी जागा मोकळी, कारण गाण्यात विरामही लागतो. आधी ड्रॉइंग पेपरवर, भूप लावून, सराव, मग भिंत.

माझा आग्रह का, तेही सांगतो. दहा-अकराव्या वर्षी पुष्कळ मुलं चित्र काढणं सोडतात. घोडा घोड्यासारखा दिसला नाही, कुणी हसलं, की "मला चित्रकला येत नाही" हे कायमचं पक्कं होतं. इथे घोडाच नाही, तर चुकणार काय? नाही आवडलं तर भिंत परत पांढरी करता येईल. मुलांच्या मनातलं ते वाक्य मात्र चुना फासून जात नाही.

पुढच्या सभेत हा विषय मतदानाला येईल. हात वर करण्याआधी घरी एकदा भूप ऐका, एवढीच विनंती.