एक थेंब जास्त



आपल्या केशोरीच्या मिरचीचा रंग लांबूनच दिसतो. फिनॉल्फ्थॅलिनचं तसं नाही. आम्लात ते रंगहीन असतं, सामू ८.२ च्या पुढे गेला की गुलाबी होतं.

अकरावीचं प्रात्यक्षिक आठवतं? शंकुपात्रात ऑक्झॅलिक आम्ल, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. सर सांगायचे, "फिकट गुलाबी दिसलं की थांबा." मी थांबले नाही. पात्र गडद गुलाबी झालं. तास संपत आला होता. मी ते बेसिनमध्ये ओतलं आणि शेजारच्या मैत्रिणीचं वाचन वहीत उतरवलं.

दोघींचे आकडे दशांशापर्यंत सारखे! सरांनी विचारलं, तेव्हा मी गप्प बसले. कॉपीचा ठपका तिच्यावर आला, प्रयोग तिलाच पुन्हा करावा लागला. माझ्या वहीवर सही झाली.

आज सॉफ्टवेअरच्या कामात माझ्या कोडमुळे काही बिघडलं, तर मी स्वतःहून सांगते. हे मात्र सांगायचं राहिलं होतं. उघड्या हवेत कार्बन डायऑक्साइडमुळे तो गुलाबी रंग हळूहळू उडतो. माझ्या मनातलं ते पात्र अजून गडदच आहे.

ती आज समोरच बसली आहे. बाई गं, वाचन तुझंच होतं. मला माफ कर.