कंपनीचा कस

कंपन्यांच्या कारभाराचा विषय निघाला की खेड्यातला माणूस म्हणतो, "ते मुंबईच्या शेअरबाजाराचं काम. आपला काय संबंध?" संबंध आहे. नव्या निवृत्तिवेतन योजनेतल्या गुरुजींच्या पगारातून दरमहा जी रक्कम कापली जाते, तिचा काही भाग कंपन्यांच्या शेअरांत जातो. तेव्हा कंपनी नीट चालते की नाही, हा प्रश्न आपल्या घरचाच झाला.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर कंपनीचे उदाहरण घ्या. २००८ साली उत्तम कारभाराबद्दल तिला पारितोषिक मिळाले होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरला, अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्यास संचालक मंडळाने मान्यता दिली. भागधारकांनी ओरड केली, तेव्हा तो बेत सोडावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी पत्राने कबुली दिली, की ताळेबंदातल्या रोख व बँकशिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवला होता. खरा होता ६१ कोटी. एका दिवसात शेअरचा भाव पाऊण हिश्श्याहून अधिक उतरला.

आता बघा, मंडळावर नामांकित संचालक होते, हिशेबतपासनीसही होते. पण बँकेत एवढी शिल्लक खरोखर आहे का, हे कुणी धसास लावून पाहिले नाही. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या मंडळावर एकतृतीयांश स्वतंत्र संचालक सक्तीचे केले.

दुसरी गोष्ट टिकण्याची. रान दरसाल पिकवायचे आणि शेणखत घालायचे नाही, तर दोन वर्षे नफाच दिसतो; जमिनीचा गेलेला कस वहीत लिहिलेला नसतो. कारखान्याने ओढ्यात सोडलेल्या घाण पाण्याचेही तसेच. ते खर्चात धरले जात नाही. पुढे दंड होतो, खटला होतो, तेव्हा कळते. म्हणून सेबीच्या नियमाने पहिल्या एक हजार मोठ्या कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, वीज, कचरा, कामगारांची सुरक्षितता यांचाही अहवाल द्यावा लागतो.

तुम्ही विचाराल, "अशा कंपनीला नफा जास्त होतो का?" अभ्यासकांचे एकमत नाही. नफ्यातल्या कंपनीला चांगले वागणे परवडते, असेही काही म्हणतात. चांगल्या कारभाराने नफा होईलच, अशी हमी मी देणार नाही. पण दाखवलेला नफा खरा आहे, एवढा भरवसा त्याच्यावाचून मिळत नाही.

आपल्या गावातल्या सोसायटीच्या, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून होतो, माना डोलतात आणि मंडळी चहाकडे वळतात. पुढच्या सभेला चहाआधी उठून एवढेच विचारा : "ही शिल्लक कुणी पडताळली, आणि कशी?" प्रश्न विचारणारा वैरी वाटेल; पण संस्थेचा खरा हितचिंतक तोच.